विक्रीस निघालेला कारखाना आणि त्याचे कामगार

केंद्र सरकारने १९६९ साली बडोद्यात स्थापिलेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचे, म्हणजे बडोदेकरांच्या रोजच्या बोलण्यातील आयपीसीएलचे, २६ टक्के भागभांडवल मे २००२ मध्ये व्यवस्थापनाच्या हक्कासह विकले गेले, तेव्हा तीन बोली पुढे आल्या : रिलायन्सची दर भागामागे २३१ रुपयांची, सरकारच्याच मालकीच्या इंडियन ऑइलची १२८ रुपयांची आणि निरमाची ११० रुपयांची. १,४९१ कोटी रुपयांना सौदा पुरा झाला. त्या आवारात पंचवीस-पंचवीस वर्षे पाळ्या केलेल्या माणसांची चौथी बोली मात्र त्यांत नव्हती.

नाफ्थ्याचे भंजन करणाऱ्या भट्टीत आठशे अंशांच्या वरच्या उष्णतेत नळ्यांच्या आतून कोळशाचा थर चढत जातो. नळी कोठे अधिक उजळली, दाब कोठे वाढला, आणि वाफ व हवा सोडून ती साफ करण्याची वेळ कधी आली, हे पाळीवरचा अनुभवी माणूस नजरेने ओळखतो. हे ज्ञान ताळेबंदात कोठे लिहिलेले नसते, तरी खरेदीदार ते गृहीत धरूनच दर लावतो. आणि ते ज्याचे, त्याला सौद्यात पक्षकार म्हणून स्थान नसावे, हे मला सर्वथा अन्याय्य वाटते.

सरकारलाही पुढल्याच वर्षी याची जाणीव झालेली दिसते. २००३ च्या मार्गदर्शक नियमांनी कर्मचाऱ्यांना बोलीचा अधिकार दिला : एकूण नोकरवर्गाच्या १५ टक्के किंवा २०० माणसे, यांतील जी संख्या कमी असेल तितक्यांनी एकत्र यावे, बँकेशी वा वित्तसंस्थेशी भागी करावी, आणि त्यांची बोली सर्वोच्च बोलीच्या १० टक्क्यांच्या आत असल्यास त्या सर्वोच्च दराला खरेदी करण्याचा पहिला हक्क त्यांचा. हाच नियम बडोद्याच्या विक्रीस लावून पाहिला, तर तो हक्क मिळविण्यासाठीच कामगारांना सुमारे २०८ रुपयांपर्यंत जावे लागले असते. जेथे इंडियन ऑइलसारखी बलाढ्य संस्था १२८ वर थांबली, तेथे पगारदार माणसाने एवढी पत आणावी कोठून?

विलायतेत ती आणली गेली. राष्ट्रीय मालवाहतूक संस्था १९८२ साली विक्रीस निघाली, तेव्हा कर्मचारी आणि निवृत्त कर्मचारी यांनी बँकांच्या कर्जाच्या आधारे ती ५ कोटी ३५ लाख पौंडांना घेतली. वेल्समधील टॉवर कोळशाची खाण सरकारने १९९४ साली बंद केल्यावर २३९ खाणकामगारांनी नोकरी गेल्याच्या भरपाईतून प्रत्येकी ८,००० पौंड काढले आणि जानेवारी १९९५ मध्ये खाण आपल्या ताब्यात घेतली. कोळसा संपेपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, त्यांनी ती चालविली.

आपल्याकडे १९५७ साली कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करण्याचे ठरविले, तेव्हा नोकरीवर गदा आलेल्या सेवकवर्गाने कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने सहकारी संस्था काढून ती चालविण्यास घेतली. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्सचा कारखाना तर खाजगी मालकीचा. तो बंद पडल्यावर १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला. पुढे तोही संकटात सापडला. कॉफीगृहास मेज, खुर्च्या आणि शेगड्या पुरतात. तांब्या-पितळेच्या नळ्या ओढणाऱ्या कारखान्यास खेळते भांडवल अखंड लागते, आणि पेट्रोरसायनांच्या कारखान्यास त्याहूनही कितीतरी अधिक.

बडोद्याला पत उभारण्याचा हा प्रश्न अपरिचित नाही. सहकारी पतसंस्थांचा १९०४ चा कायदा होण्यापूर्वी पंधरा वर्षे, सयाजीरावांच्या अमदानीत, विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी येथेच अन्योन्य सहायकारी मंडळी काढली. एकेकट्याला सावकाराच्या दारी जी पत मिळत नव्हती, ती अनेकांनी परस्परांना जामीन राहून निर्माण केली. ती संस्था पुढे बँक झाली आणि अखेरीस बुडाली. तरीही तिच्या मूळ योजनेतील शहाणपण मला अद्याप ग्राह्य वाटते. कामगारांना पहिला हक्क देणाऱ्या सरकारने विक्रीची किंमत कारखान्याच्या नफ्यातून, कामगारांच्या विश्वस्त निधीमार्फत, हप्त्याहप्त्याने वसूल करून घेण्याची तरतूदही त्याच नियमांत घालावी, आणि ती पुढचा कारखाना विक्रीस काढण्यापूर्वी घालावी.