मालवण किनाऱ्यावर तंबूचा मुक्काम : जागा कशी निवडावी?

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि दुकानाच्या गादीला बांधलेल्या कुटुंबांना प्रवासाची मोकळीक मिळते. कोकणचा किनाराही नेमका याच सुमारास मुक्कामायोग्य होतो. पाऊस ओसरलेला असतो, हवा कोरडी होऊ लागते आणि फाल्गुनापर्यंत रात्री सुखद असतात. घरातील तरुण मंडळी तंबूत राहण्याचा हट्ट धरतात. वडीलधारी माणसे एवढेच विचारतात की, तेथे आपले नियम पाळता येतील काय? प्रश्न रास्त आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, तेव्हापासून तारकर्ली, देवबाग, तोंडवळी, भोगवे ही नावे घरोघरी पोहोचली. परंतु तेथील सोयी ज्या प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवून उभ्या राहिल्या, तो प्रवासी रात्री नऊला जेवणारा आणि मासळीच्या ओढीने येणारा आहे. आपल्याला जागा आपल्या कसोट्यांवरच पारखून घ्यावी लागते.

पहिली कसोटी सूर्यास्ताची. डिसेंबरच्या मध्यास मालवणला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार करणाऱ्याचे जेवण आणि पाणी त्याआधी आटोपले पाहिजे. आणि सगळा किनारा सूर्यास्त पाहण्यासाठी वाळूवर जमतो तीही हीच वेळ. स्वयंपाकघर तंबूपासून दूर असेल किंवा यजमान ‘सातपर्यंत ताट येईल’ असे म्हणत असेल, तर ती जागा कितीही रमणीय असो, आपल्या उपयोगाची नाही. साडेचारला चूल पेटेल आणि साडेपाचला पंगत बसेल, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. म्हणजे सूर्यास्तही निवांत पाहता येतो. सकाळची अडचण त्या मानाने कमी. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येणारी नवकारशी थंडीत पावणेआठच्या सुमारास येते, आणि तोवर कोणताही यजमान चहा तयार ठेवतो.

दुसरी कसोटी भरतीची. येथे आपल्या घरातील पंचांग मोठ्या उपयोगाचे आहे. आठम-चौदस पाळणाऱ्या कुटुंबाला तिथी तोंडपाठ असते, आणि समुद्र तिथीनेच चालतो. कोकणातला जुना हिशेब असा की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून त्या दिवशी सकाळी व संध्याकाळी सहाच्या आसपास भरती असते. पौर्णिमेची सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्रीच्या अलीकडे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा. अष्टमीच्या आसपास पाण्याची चढउतार कमी असते, तिला भांग म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ती सर्वांत मोठी असते, ते उधाण. याचा अर्थ उघड आहे. चांदण्या रात्रीच्या मोहाने पौर्णिमेचा मुक्काम ठरवावा, संध्याकाळी दूरवर कोरडी दिसणारी वाळू पाहून तंबू ठोकावा, आणि मुले गाढ झोपलेली असताना पाणी तंबूच्या दोरीशी यावे, हे सहज घडू शकते. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची जी वरची रेघ दिसते, ती मागच्या उधाणाची खूण असते.

मग त्या रेघेच्या वर, कोरड्या वाळूत तंबू ठोकला तर? जयणेचा खरा प्रश्न तेथेच उभा राहतो. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी याच पट्ट्यात येतात. वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी आणि देवगड तालुक्यातील तांबळडेग ही त्यांची प्रसिद्ध ठिकाणे. मादी रात्री येते, दीड-दोन फूट खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परतते. सकाळी वरून काही कळत नाही. पिल्ले सुमारे ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात आणि क्षितिजावरच्या उजेडाकडे धावतात. समुद्राऐवजी तंबूबाहेरचा दिवा अधिक उजळ असेल तर ती दिव्याकडे वळतात आणि वाटेतच मरतात. विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे तंतोतंत आपल्या सहलींचाच काळ. तंबूची एक मेख किंवा एक शेकोटी काय करू शकते, हे पंचेंद्रिय जीवांविषयी आपल्या मुलांना शिकवणाऱ्या घराला वेगळे सांगावे लागू नये. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या आणि रापणीचे जाळे ओढण्याची मोकळी जागा ही तर गावाची रोजीरोटी आहे. एकूण, वाळूवर तंबू नकोच.

जागा शोधावी ती वाळूच्या मागे, माडांच्या वाडीत. तेथे विहीर असते, सावली असते, यजमानाचे घर हाकेच्या अंतरावर असते, आणि समुद्राचा आवाज रात्रभर ऐकू येतो. मात्र नारळ लागलेल्या माडाखाली तंबू लावू देऊ नये. दोन माडांमधली मोकळी जागा मागावी. विहिरीचे पाणी आधी चाखून पाहावे. देवबाग ही समुद्र आणि कर्ली खाडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी आहे. अशा ठिकाणी उन्हाळ्याकडे पाणी मचूळ होऊ शकते. गाळणे, मोठे पातेले आणि उकळलेले पाणी ठेवण्याचे भांडे घरूनच न्यावे, आणि गाळल्यानंतरचा जीवाणी त्याच विहिरीत हलकेच सोडता येईल का, हेही पाहावे.

जेवणाविषयी एक शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे : शिवराक. मालवणीत त्याचा अर्थ शाकाहारी. पण शिवराक म्हटल्याने मासळी टळते एवढेच. कांदा, लसूण, बटाटा टळत नाहीत. ते वेगळे सांगावे लागते. वाडीतल्या गृहिणी सणावारी कांदा-लसणाशिवाय उत्तम रांधतात, त्यामुळे त्यांना ही मागणी नवी वाटत नाही. तांदळाचे पीठ ऐनवेळी कालवून केलेले घावन आपल्याला चालते. रात्रभर आंबवलेली आंबोळी वासी ठरते. सोलकढी लसणाशिवाय मागावी. चूल आणि भांडी मात्र स्वतंत्रच हवीत. अनेक ठिकाणी ठरावीक दरात रात्रीची शेकोटी आणि जाळीवर भाजलेली मासळी धरलेली असते. यजमानाचा तो व्यवसाय आहे, नाक मुरडण्याचे कारण नाही. आपण आपले तंबू वाडीच्या दुसऱ्या टोकाला मागावेत.

मोटारघर घेऊन जाण्याची हौस आता वाढते आहे. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आले. पण मालवणकडचे पाणंदीचे रस्ते चिरेबंदी गडग्यांमधून जातात, समोरून एसटी आली की मोटारसुद्धा मागे घ्यावी लागते. मोठे वाहन असेल तर रस्त्यालगतची, कठीण जांभ्या जमिनीची वाडी पाहावी. वाळूत चाके रुततात. शौचटाकी कोठे रिकामी करणार, हे आधी विचारावे. खाडी हे त्याचे उत्तर नव्हे.

माझ्या मते आजी-आजोबा आणि लहान मुले बरोबर असतील तर तारकर्लीच्या मागच्या वाड्या सोयीच्या : गर्दी आहे, पण डॉक्टर आणि बाजार जवळ. भोगवे शांत आणि देखणे, तरुणांच्या गटाला अधिक मानवणारे. देवबागला संगमावर जलक्रीडेची वर्दळ असते. दिवसा जाऊन यावे, मुक्काम दुसरीकडे करावा. कोठेही असलो तरी पोहण्याविषयी स्थानिक कोळ्याचा शब्द प्रमाण मानावा. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या महाविद्यालयीन सहलीतील ८ जण बुडाले. पाणी शांत दिसत होते म्हणून नव्हे, तर आत ओढ कोठे आहे हे बाहेरच्याला कळत नाही, म्हणून विचारायचे.

दर्शनाशिवाय अन्न न घेण्याचा नियम असणाऱ्यांनी मार्गही त्याप्रमाणे आखावा. मुंबईहून महामार्गाने येताना सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरताच खारेपाटण लागते. वाघोटण नदीकाठची ही जुनी व्यापारपेठ. शिलाहार राजा रट्टराज याचा इ. स. १००८ चा ताम्रपट येथलाच. गावात जैन मंदिर आहे. पहाटे मुंबईकडून निघालेल्यांनी येथे दर्शन करून पुढे जावे, म्हणजे दुपारी वाडीवर पोहोचून साडेचारच्या चुलीची वेळ सहज गाठता येते.