माहेरचा पत्ता

गेल्या श्रावणातली गोष्ट. आई तासगावला एकटी असते, मी इकडे फलटणला. बाबा गेल्यावर ‘माझ्याकडे चल’ म्हणून किती विनवलं, पण तिला तिचं घर, तुळस आणि शेजारणी सोडवत नाहीत. शेवटी ओसरीत आणि स्वयंपाकघरात कॅमेरे बसवले. सकाळी चहा ठेवला की मोबाइलवर बघायचं. आई पूजेची फुलं निवडताना दिसली, की मी माझ्या कामाला मोकळी.

त्या दिवशी मोबाइलवर काहीच दिसेना. आई फोनही उचलेना. वाटलं, देवळात गेली असेल. बचत गटाची बैठक होती, मी निघून गेले. आई स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर घसरून पडली होती. तब्बल दोन तास! शेजारीण विरजण मागायला आली म्हणून कळलं. मनगटावर निभावलं, पण मला कितीतरी रात्री झोप नव्हती. कॅमेरे असून काय उपयोग झाला?

लेक पुण्याहून आला, त्यानं शोध घेतला. आदल्या रात्री वीज गेली होती. ती आल्यावर रूटर पुन्हा सुरू झाला आणि आईच्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी क्रमांक, बदलला. कॅमेरे बसवणाऱ्यानं माझ्या मोबाइलमध्ये जुनाच आकडा घालून ठेवलेला. मी बापडी रिकाम्या खोलीचं दार वाजवत होते!

‘‘पत्ता बदलतोच कशाला?’’ मी विचारलं. तर म्हणे, जुन्या पद्धतीचे हे आकडे जगात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच. मुख्य कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. म्हणून कंपन्या घरगुती ग्राहकाला कायमचा आकडा सहसा देत नाहीत.

उपाय म्हणजे डायनॅमिक डीएनएस. नावाला घाबरू नका. माझ्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याची सारखी बदली व्हायची. आम्ही तिला पत्र टाकायचो ते माहेरच्या पत्त्यावर. ती नव्या गावी गेली, की आधी माहेरी कळवायची आणि तिथून पत्र पुढं जायचं. इथंही तसंच. एखाद्या सेवेकडून घरासाठी एक नाव घ्यायचं. आकडा बदलला, की रूटर स्वतःच त्या सेवेला नवा आकडा कळवतो. आपण मोबाइलमध्ये फक्त नाव ठेवायचं.

रूटरच्या पानावर डीडीएनएस नावाचा रकानाच होता. तिथं नाव आणि पासवर्ड भरला, दहा मिनिटांत काम झालं. मुद्दाम रूटर बंद करून चालू केला. थोड्या वेळानं ओसरी दिसली. एकदा मात्र फजिती झाली. काही मोफत सेवांमध्ये दर ३० दिवसांनी ‘नाव हवं आहे’ असं ईमेलवरून कळवावं लागतं. मी विसरले नि नाव बंद पडलं. आता कालनिर्णयवर खूण करते.

आमच्या गटातल्या एकीकडे मात्र हे चालेचना. रूटरच्या पानावरचा आकडा आणि बाहेरच्या जगाला दिसणारा आकडा वेगळे निघाले. म्हणजे एकाच आकड्यामागे कंपनीनं अनेक घरं कोंबलेली, वाड्याला एकच दार असावं तशी. नुसतं नाव घेऊन तिथं भागत नाही. स्वतंत्र ‘पब्लिक आयपी’ मागावा लागतो, त्याचे बहुधा जादा पैसे पडतात. इंटरनेटवाल्यानं तिला ‘‘मॅडम, तुम्हाला काय करायचंय?’’ असं विचारलं. तिनं वर्षाचे पैसे भरण्याआधी लेखी उत्तर मागितलं. छान केलं!

खरी धडकी पुढंच भरली. रेकॉर्डरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, आणि दार सताड उघडं. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच न बदललेल्या पासवर्डचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि रूटर ताब्यात घेऊन ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीनं अमेरिकेतल्या डाइन कंपनीवर हल्ला केला. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येकांना काही तास मिळेनाशा झाल्या. गंमत अशी, की डाइनचं नाव झालं होतं ते डायनॅमिक डीएनएसमुळेच.

लेकानं पासवर्ड बदलला, रूटरची प्रणाली अद्ययावत केली आणि कॅमेऱ्याचं बाहेरचं दार बंदच केलं. आता आधी व्हीपीएनच्या कुलपातून घरात शिरायचं, मगच कॅमेरा दिसतो. एक पायरी वाढली, वाढू दे. रूटरला छोटा बॅकअपही लावला.

हे सगळं चालू असताना आई मनगटाला पट्टा बांधून बसली होती. मध्येच म्हणाली, ‘‘माझं घर कोण कोण बघतं गं?’’

मी मोजायला लागले. मी, लेक, भाऊ, वहिनी... आणि कॅमेरे बसवणारा? त्याच्या मोबाइलवरही सगळं तसंच होतं. मला घाम फुटला. बाई नहाणीतून ओल्या साडीत ओसरीवर येते, आणि आम्ही तिला कधी विचारलंच नाही.

आता पासवर्ड फक्त मी आणि भाऊ, दोघांकडे. ओसरीतल्या कॅमेऱ्याशेजारी खिळ्याला आईनं स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल टांगलाय. मनात येईल तेव्हा ती तो कॅमेऱ्यावर टाकते. ‘‘रुमाल दिसला, की समजायचं मी धडधाकट आहे,’’ म्हणते, ‘‘आणि मग फोन करायचा. नुसतं बघत नाही बसायचं.’’