ढोबळी मिरची, बटर पेपर आणि एकच लाइट

1930 सालच्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावी एडवर्ड वेस्टन ढोबळ्या मिरच्यांचे फोटो काढत बसला होता. पोटापाण्यासाठी तो लोकांची पोर्ट्रेट्स काढायचा. मिरच्यांचे फोटो काढायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे पैसेही कोणी देणार नव्हतं. एक मिरची घ्यायची, वळवून, उलटी करून, कधी कापडापुढे तर कधी पुठ्ठ्यापुढे ठेवून पाहायची, मोठ्या निगेटिव्हवर एक्स्पोजर द्यायचं, की पुन्हा दुसरी मिरची. काही केल्या मिरची मागच्या पडद्यापासून सुटून दिसेना. शेवटी त्याने पत्र्याचं एक नरसाळं आडवं ठेवलं आणि त्याच्या तोंडात मिरची बसवली. वरून येणारा उजेड नरसाळ्याच्या आतल्या गोलाईवरून परतला, मिरचीच्या घड्यांवर पसरला, आणि मिरची एखाद्या पैलवानाच्या पाठीसारखी दिसू लागली. ‘मिरची क्रमांक 30’ म्हणून ओळखलं जाणारं ते छायाचित्र आज फोटोग्राफीच्या इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत सापडतं. आधीच्या निगेटिव्ह मात्र फारशा कोणाला आठवत नाहीत.

वेस्टनने यावरचा उपाय नव्या कॅमेऱ्यात किंवा नव्या लेन्समध्ये शोधला नाही. त्याने स्वतःला एक गृहपाठ दिला होता, तोही फार अरुंद: वस्तू एक, उजेड एका बाजूने, बदलायची फक्त जागा आणि पार्श्वभूमी. फोटोग्राफीत हात अडला की आपल्याकडे माणूस आधी दुकानाकडे वळतो. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बझारच्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत ‘यापेक्षा वरचं काय आहे?’ हा प्रश्न जितका ऐकू येतो, तितका ‘याने नक्की काय काय करता येतं?’ हा येत नाही. नवी वस्तू घेण्यात गैर काहीच नाही. पण काम न ठरवता घेतलेली छत्री, सॉफ्टबॉक्स आणि रंगीत एलईडीची कांडी पहिल्या आठ दिवसांनंतर कपाटावर जाऊन बसते, हे ज्याच्या घरात अशी वस्तू आहे त्याला वेगळं सांगायला नको.

स्वतःवर अट घालून घेण्याची ही रीत मोठमोठ्यांनी चालवली आहे. फोटोग्राफर अर्विंग पेनने 1948 साली न्यूयॉर्कच्या स्टुडिओत दोन उभे फळे एकमेकांना भिडवून एक अरुंद कोपरा तयार केला आणि संगीतकार स्ट्राविन्स्की, मुष्टियोद्धा जो लुईस, लेखक ट्रुमन कपोटी अशा नामवंतांना त्या कोपऱ्यात उभं केलं किंवा बसवलं. पळायला जागा नाही म्हटल्यावर कोणी अंग चोरलं, कोणी पाय रोवून उभा राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो फॅशनच्या कामासाठी पेरूला गेला होता. काम संपल्यावर कुझ्को गावातल्या एका स्थानिक फोटोग्राफरचा स्टुडिओ त्याने नाताळच्या सुमारास भाड्याने घेतला. दगडी फरशी, मागे रंगवलेला पडदा आणि एका बाजूने येणारा दिवसाचा उजेड, एवढीच तिथली सामग्री. डोंगरातून बाजारहाटाला उतरलेल्या माणसांची त्याने तिथे काढलेली पोर्ट्रेट्स त्याच्या उत्तम कामात गणली जातात. पुढे तो दाहोमे, न्यू गिनी आणि मोरोक्कोपर्यंत आपला तंबूचा स्टुडिओ घेऊन हिंडला. देश बदलत गेले, उजेडाची अट तीच.

प्रागच्या जोसेफ सुदेकची अट तर याहून कडक म्हणायची. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला हा फोटोग्राफर 1940 ते 1954 या काळात आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला: काचेवरची वाफ, दंव, पलीकडचं वाकडं झाड. चौदा वर्षं, एक खिडकी!

आपल्या देशातलं सगळ्यात सुरेख उदाहरण सिनेमातलं आहे, पण स्थिरचित्रण करणाऱ्याने ते पाठ करून ठेवावं असं आहे. फ्रेंच दिग्दर्शक जाँ रेन्वार ‘द रिव्हर’ या चित्रपटाचं चित्रीकरण करायला बंगालमध्ये आला, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरचा सुब्रत मित्र काम मागायला गेला. काम मिळालं नाही, बघत बसायची परवानगी मिळाली. मग तो रोज जाऊन बसू लागला आणि वहीत टिपणं काढू लागला: कोणता लाइट कुठे, किती उंचीवर, कॅमेरा कुठून कुठे सरकला. सोबत आकृत्या. या नोंदी इतक्या चोख होत्या की कॅमेरामन क्लोद रेन्वारलाच पुढे आधीच्या दृश्यातली प्रकाशयोजना जुळवण्यासाठी त्या पाहाव्याशा वाटल्या. थोड्याच वर्षांत सत्यजित राय यांनी याच मुलाच्या हाती ‘पथेर पांचाली’चा कॅमेरा दिला. तोवर त्याने सिनेमाचा कॅमेरा चालवलाही नव्हता.

खरी परीक्षा ‘अपराजितो’च्या वेळी झाली. 1956 साली आलेल्या या चित्रपटात काशीमधलं एक जुनं घर आहे, मधोमध अंगण असलेलं. अशा अंगणात थेट ऊन फारसं उतरत नाही; वरच्या आभाळाच्या तुकड्यातून मऊ, सावली न पाडणारा उजेड झिरपतो. पुण्या-नाशकातल्या वाड्याचा चौक ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा उजेड ओळखीचा आहे. पावसाच्या भीतीने हे घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारायचं ठरलं आणि मित्र यांनी हरकत घेतली. स्टुडिओतले दणकट दिवे थेट मारले की चार भिंतींवर चार सावल्या पडणार, मग ते अंगण कसलं? पण सेट उभा राहिलाच. तेव्हा त्यांनी अंगणाच्या वर पांढरं कापड ताणून बसवलं आणि दिव्यांची तोंडं माणसांकडून फिरवून त्या कापडाकडे केली. उजेड कापडावर आपटून खाली आला आणि स्टुडिओत आभाळ तयार झालं. पडद्यावर ते अंगण पाहताना छपराची शंकाही येत नाही. हेच मित्र पुढे ‘तीसरी कसम’ या हिंदी चित्रपटाचेही छायालेखक होते.

पांढऱ्या कापडाची ही युक्ती आज कोणत्याही लग्नात दिसते. फोटोग्राफर फ्लॅशचं डोकं छताकडे वळवतो, ते यासाठीच. मात्र मंगल कार्यालयाचं छत वीस फूट उंच असलं, किंवा त्यावर गुलाबी झालरी सोडलेल्या असल्या, तर बॅटरी संपते, नाहीतर नवरीचा चेहरा गुलाबी होतो. उजेड ज्या पृष्ठभागावर आपटतो त्याचा रंग घेऊनच परततो. जाणता माणूस अशा वेळी सहाय्यकाच्या हातात थर्माकोलची पांढरी शीट देतो आणि फ्लॅश तिच्यावर मारतो.

असा एखादा गृहपाठ घरी करून पाहायचा तर फार काही लागत नाही. संध्याकाळी खोली अंधारी करावी, टेबलावर काळं कापड अंथरावं आणि त्यावर स्टीलचा पेला ठेवावा. कॅमेरा स्टँडवर. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून ट्रिगरच्या मदतीने डाव्या हाताला ठेवावा आणि एक फोटो घ्यावा. पेल्याच्या अंगावर एक पांढराफटक ठिपका दिसेल, बाकीचा पेला काळ्यात बुडालेला. आता फ्लॅश आणि पेला यांच्यामध्ये बटर पेपरचा मोठा तुकडा ताणून लावावा. खुर्चीच्या पाठीला चिकटपट्टीने लावला तरी चालतो. ठिपका जाऊन पेल्याच्या काठापासून बुडापर्यंत उजेडाचा उभा पट्टा उमटतो. फ्लॅश कागदाच्या जवळ आणला तर पट्टा मधोमध झगझगीत आणि कडांना विरत जाणारा. मागे नेला तर सगळीकडे सारखा. उजव्या हाताला थर्माकोलचा तुकडा उभा केला की पेल्याच्या दुसऱ्या कडेलाही पांढरी रेघ येते, आणि पेला गोल आहे हे फोटोत कळायला लागतं. थर्माकोलच्या जागी काळा पुठ्ठा ठेवला की तीच कडा गडद होते. उजेड अडवणाऱ्या अशा काळ्या आडोशाला सिनेमाच्या सेटवर कटर म्हणतात.

या एका पेल्यात दागिने, समई, तांब्या-पितळेची भांडी, बाटल्या, घड्याळं यांचं निम्मंअधिक शिक्षण आहे. चकचकीत वस्तूचा फोटो म्हणजे बहुतांशी तिच्यात दिसणाऱ्या प्रतिबिंबाचा फोटो. म्हणून लाइट किती वॉटचा यापेक्षा तो वस्तूला केवढा दिसतो, हे आधी पाहावं लागतं.

पेल्याच्या जागी अंडं ठेवलं तर दुसरा धडा मिळतो, सावलीच्या कडेचा. लहान उगमाची सावली कापल्यासारखी पडते, मोठ्या उगमाची विरत जाते. इथे मोठा-लहान हे अंतरावर ठरतं. सूर्याचा व्यास सुमारे 13 लाख 90 हजार किलोमीटर आहे, पण तो इतका दूर आहे की आपल्याला नाण्याएवढा दिसतो आणि वैशाखातल्या दुपारी डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतो. आषाढात ढग आले की सगळं आभाळच लाइट होतं. पोर्ट्रेटसाठी पावसाळी दिवस वाईट असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा उघडीप असताना गॅलरीत घरच्या माणसाला उभं करून पाहावं.

अंतराचा आणखी एक नियम आहे आणि तो थोडं गणित मागतो. उगमापासून अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पावपट होतो. समजा लाइट चेहऱ्यापासून 1 मीटरवर आहे आणि भिंत चेहऱ्यामागे आणखी 2 मीटरवर. म्हणजे लाइटपासून भिंत 3 मीटर दूर, आणि तिला चेहऱ्याच्या एक नवमांश उजेड मिळतो. पांढरी भिंतसुद्धा फोटोत करडी, जवळपास काळपट येते. आता भिंत आणि माणूस तिथेच ठेवून लाइट मागे, चेहऱ्यापासून 4 मीटरवर न्यावा. भिंतीचं अंतर 6 मीटर झालं, आणि तिला चेहऱ्याच्या सुमारे 44 टक्के उजेड मिळू लागला. भिंत पुन्हा उजळली. काळा पडदा विकत घ्यायला निघालेल्या माणसाने आधी लाइट चार पावलं पुढे आणून पाहावा, हे बरं.

फ्लॅश बाळगणाऱ्यांसाठी अजून एक प्रयोग आहे, आणि तो केल्याशिवाय फ्लॅश कळला असं म्हणू नये. सूर्य मावळल्यावर कोणालातरी गच्चीत उभं करावं, ॲपर्चर आणि फ्लॅशची ताकद पक्की करावी आणि फक्त शटरची गती बदलत जावी: 1/200 सेकंद, मग 1/60, मग 1/15. चेहरा तिन्ही फोटोंत जवळपास सारखाच राहतो, मागचं आभाळ मात्र काळ्याचं जांभळं आणि जांभळ्याचं निळं होत जातं. फ्लॅश सेकंदाच्या फार लहान भागात उजळून विझतो, म्हणून शटर आणखी उघडं राहिलं तरी त्याला फरक पडत नाही. मागच्या उजेडाला पडतो. बहुतेक कॅमेऱ्यांत 1/200 किंवा 1/250 च्या पुढे गेलं की साध्या फ्लॅशच्या फोटोत काळी पट्टी येते, कारण त्या गतीला सेन्सर एकाच वेळी पूर्ण उघडा नसतो.

नव्या सामग्रीने नवं काही दाखवलं नाही असं मात्र कोणी म्हणू नये. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॅरल्ड एजर्टन यांनी 1930 च्या दशकात इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विकसित केला आणि डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टी फोटोत थांबवल्या. दुधाचा थेंब पडल्यावर उठणाऱ्या मुकुटाचा त्यांचा गाजलेला रंगीत फोटो 1957 चा आहे. दुधाच्या थेंबांमागे ते त्याआधी दोन दशकं लागलेले होते. त्यांच्याकडूनच हे तंत्र उचललेला फोटोग्राफर ग्योन मिली 1949 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरीस गावी पिकासोकडे गेला. बर्फावर स्केटिंग करणाऱ्यांच्या पायांना दिवे बांधून अंधारात काढलेले फोटो त्याने दाखवले. पिकासोने हातात छोटा विजेचा दिवा घेतला आणि अंधाऱ्या खोलीत हवेतच चित्रं काढायला सुरुवात केली. कॅमेऱ्यांचं शटर उघडंच होतं. ज्यांच्या कॅमेऱ्यात शटर हवं तितका वेळ उघडं ठेवायची सोय आहे, त्यांना हा खेळ साध्या टॉर्चवर जमतो, आणि लहान मुलांना तो भयंकर आवडतो.

सामग्री आणताना दोन सावधगिरीच्या गोष्टी. स्वस्त एलईडी वरवर स्थिर दिसले तरी आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर त्यांपैकी काही सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर जलद असेल तर फोटोत आडव्या पट्ट्या येतात. 1/50 किंवा 1/100 वर त्या बहुधा जातात. दुसरी गोष्ट जुन्या बाजारात मिळणाऱ्या फ्लॅशची. फिल्मच्या जमान्यातल्या काही फ्लॅशच्या ट्रिगरला 200 व्होल्टच्या वर दाब असतो आणि डिजिटल कॅमेऱ्याच्या शूवर थेट बसवले तर ते कॅमेरा जाळू शकतात. दाब मोजून घेतल्याशिवाय असा फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवू नये.

मुंबई-पुण्यात लाइट दिवसाच्या भाड्याने मिळतात. घ्यायचा विचार असेल तर आधी शनिवार-रविवारपुरता एकच आणावा, त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते आणण्याआधी ठरवावं, आणि शेजारी वही ठेवावी. ॲपर्चर, शटर आणि आयएसओ कॅमेरा स्वतःच फाइलमध्ये नोंदवतो. लाइट कुठे होता, किती उंच होता आणि मध्ये कोणता कागद होता, याची नोंद कॅमेरा ठेवत नाही. ती हातानेच लिहावी लागते.