डेअरीत कंट्रोल्सची इंटर्नशिप : कोडच्या आधी व्हॉल्व्ह समजून घ्या

इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांना डेअरीत इंटर्नशिप मिळाली की पहिला प्रश्न असतो, "पीएलसीचा प्रोग्राम लिहायला मिळेल ना?" लगेच नाही मिळत. आधी प्रोसेस शिकावी लागते.

पाश्चरायझरचंच उदाहरण घ्या. यात दूध किमान ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद राहिलं पाहिजे. त्यासाठी ते होल्डिंग ट्यूबमधून जातं आणि ट्यूबच्या शेवटी तापमानाचा सेन्सर असतो. आकडा घसरला की फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह दूध पुढे न सोडता बॅलन्स टँककडे परत वळवतो. हवेचा दाब किंवा वीज गेली, तरी स्प्रिंगमुळे व्हॉल्व्ह त्याच स्थितीत येतो. यालाच फेल-सेफ म्हणतात.

समजा लाइन अडली आणि कोणी म्हणालं, "सेन्सर चुकीचं दाखवतोय, सिग्नल फोर्स कर." लॅपटॉपवर हे दोन क्लिकचं काम आहे. पण करायचं नाही! सीनियरला आणि क्वालिटीवाल्यांना बोलवा, सेन्सर प्रमाणित थर्मामीटरशी ताडून पाहा. कमी तापलेलं दूध पिशवीत गेलं, तर ते वरून ओळखू येत नाही आणि थेट कुणाच्या तरी घरी पोचतं.

म्हणून पहिल्या आठवड्यात ड्रॉइंग हातात घेऊन सेन्सरपासून व्हॉल्व्हपर्यंतची वायर शोधा. कोड त्यानंतर सोपा जातो.