पोटातले बिऱ्हाडकरू

निमोणे असो वा पुणे, सर्दी-पडसे झाले की घरात उरलेली जुनी गोळी शोधणारे पुष्कळ. "एका गोळीने काय बिघडते?" असे आपण म्हणतो. काय बिघडते, हे पाहायला आपल्याच आतड्यात डोकावले पाहिजे.

तेथे अब्जावधी जंतू बिऱ्हाड करून असतात. त्यांतला एक ई. कोलाय. एशेरिश या जर्मन डॉक्टराने १८८५ साली त्याचे वर्णन केले. आपल्या जागी आहे तोवर तो सहसा निरुपद्रवी. पण तोच मूत्रमार्गात शिरला की लघवीला जळजळ आणि ताप. रक्तात उतरला तर जिवावर बेतते. म्हातारी माणसे, मधुमेही, लघवीची नळी घातलेले रोगी यांना हा धोका अधिक. क्लेब्सिएलाही असाच संधिसाधू.

आता ती गोळी. सर्दी विषाणूंची, प्रतिजैविक औषध तिला लागूच पडत नाही. पोटातले दुबळे जंतू मात्र त्याने मरतात आणि चिवट तेवढे उरतात. कोणी औषध फोडणारे द्रव्य तयार करतो, कोणी आत आलेले औषध पंपासारखे बाहेर फेकतो. जागा मोकळी झाली की यांचीच प्रजा वाढते. शिवाय ही विद्या डीएनएच्या एका लहान कड्यावर असते. तिला प्लास्मिड म्हणतात. तिची नक्कल एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. पुढे दूषित पाण्यातून, न धुतलेल्या हातांवरून हे जंतू शेजारच्या घरी पोचतात. गोळी तुम्ही घेतली. औषध लागू पडले नाही ते शेजारच्या आजींना!

हा इशारा नवा नाही. आपल्या जिल्ह्यात पिंपरीला १९५५ साली पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्याच्या दहा वर्षे आधीच, नोबेल व्याख्यानात, फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात असे बजावले होते. जनावरे-कोंबड्यांनाही हेच लागू. कोलिस्टिन हे अखेरच्या उपायांपैकी एक औषध त्यांना देण्यावर भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली.

तेव्हा एवढे करा. प्रतिजैविक डॉक्टरांनी दिले तरच, सांगितले तितके दिवस घ्या. उरलेले कोणाला देऊ नका. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. हे औषध गावच्या विहिरीसारखे आहे; एकाने घाण केली तरी पाणी सगळ्यांचेच नासते.