पातळ पंखावरील उत्थापन बल : श्यानता आणि कालपरत्वे बदलणारा प्रवाह

प्रस्तावना :
विमानाचा पंख हवेत का उचलला जातो, या प्रश्नाचे एक सोपे उत्तर आजही वर्गात दिले जाते. पंखाच्या पुढील कडेशी विभागलेले हवेचे कण मागील कडेशी एकाच वेळी पोहोचले पाहिजेत, म्हणून वरचा प्रवाह वेगवान होतो, असे ते उत्तर होय. हे गृहीतक निराधार आहे. प्रत्यक्षात वरची हवा आधीच मागील कडेशी पोहोचते. येथे बर्नुलीचे तत्त्व चुकीचे नसून त्याआधीची पायरी चुकीची आहे. वेगातील हा फरक कोठून येतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अभिसरण आणि कुट्टा अट :
कुट्टा (१९०२) व झुकोव्स्की (१९०६) यांच्या कार्यानुसार पंखाच्या एकक लांबीवरील उत्थापन बल हे हवेची घनता, वेग आणि पंखाभोवतीचे अभिसरण यांच्या गुणाकाराइतके असते. परंतु श्यानतारहित द्रायूच्या समीकरणांना अभिसरणाचे कोणतेही मूल्य चालते. त्यामुळे प्रवाहाने धारदार मागील कड सुरळीतपणे सोडावी, अशी अट बाहेरून घालावी लागते. हीच कुट्टा अट. तिच्या आधारे ५ अंश आघातकोनावरील सपाट पातळ पंखाचा उत्थापन गुणांक सुमारे ०.५५ येतो.

श्यानतेची भूमिका :
निसर्ग ही अट का पाळतो? याचे उत्तर प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडलेल्या सीमास्तराच्या संकल्पनेत आहे. पंख गतिमान होताच खालची हवा मागील कडेला वळसा घालून वर जाऊ पाहते. श्यानतेमुळे मंदावलेला सीमास्तर तेथील वाढत्या दाबापुढे टिकत नाही. तो पृष्ठभागापासून सुटतो व एक भोवरा मागे राहतो. केल्विनच्या प्रमेयानुसार तितकेच विरुद्ध दिशेचे अभिसरण पंखाभोवती उत्पन्न होते. १९५७ मध्ये क्रेग व पेलम यांनी अतिप्रवाही हेलियमवर केलेल्या प्रयोगात, विशिष्ट वेगमर्यादेखाली पंखावर उत्थापन बल आढळले नाही. श्यानता अल्प असली तरी तिचे अस्तित्व निर्णायक ठरते.

कालपरत्वे बदलणारा प्रवाह :
मागे सुटलेला भोवरा जवळ असेपर्यंत पंखाचा परिणामी आघातकोन कमी करतो. वाग्नर यांनी १९२५ मध्ये दाखविल्याप्रमाणे, एकाएकी गतिमान झालेल्या पंखाचे अभिसरणजन्य उत्थापन अंतिम मूल्याच्या निम्म्यापासून सुरू होते. पंखाच्या रुंदीच्या दहापट अंतर कापल्यावरही ते सुमारे नऊ दशांशच असते. आंदोलित पंखासाठी थिओडोरसन यांनी १९३५ मध्ये हाच विचार विस्तारला. बल व गती यांतील कालांतर त्यात मोजता येते, आणि पंखांच्या विघातक फडफडीचे गणित त्यावर आधारलेले आहे.

तथापि मोठा आघातकोन किंवा अतिजलद आंदोलन असल्यास कुट्टा अट पूर्णपणे लागू पडत नाही. एलिंग्टन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हॉकमॉथ पतंगाच्या पंखावर पुढील कडेशी टिकून राहणारा भोवरा दाखविला. त्याच्यामुळे मिळणारे अधिक उत्थापन स्थिर प्रवाहाच्या सिद्धांतातून मिळत नाही.

निष्कर्ष :
उत्थापन बलाचे मूल्य श्यानतारहित गणिताने काढता येते. परंतु त्याची उत्पत्ती श्यानतेत, तर त्याचा विलंब मागे सुटलेल्या भोवऱ्यांत आहे. अध्यापनात ‘समान वेळे’चे गृहीतक वगळून हा कार्यकारणभाव मांडल्यास विद्यार्थ्यांना समीकरणामागील भौतिकी समजू शकेल.