गाडीतल्या गाण्यामागची शिट्टी : आधी कारण शोधा, मग पैसे खर्च करा

आपल्या समाजातील कितीतरी तरुण आज जीप, टेम्पो, टॅक्सी चालवून संसार चालवतात. दिवसभर स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसाला गाण्याचीच सोबत असते. १४ एप्रिल आला की याच गाड्यांतून भीमगीते घुमतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीकडे निघालेल्या कुटुंबांची रात्र गाण्यांवरच सरते. पण गाणे रंगात आले आणि मागून बारीक शिट्टी सुरू झाली, की सगळा विरस होतो.

माझ्या भाच्याची गत अशीच झाली. पतपेढीचे कर्ज काढून त्याने डिझेल जीप घेतली आणि हौसेने तीत अ‍ॅम्प्लिफायर बसवला. रेस दिली की शिट्टी चढायची, रेस सोडली की उतरायची. शेजारी म्हणाले, “नजर लागली, लिंबू-मिरची बांध.” गॅरेजवाला म्हणाला, “अ‍ॅम्प्लिफायर गेला, नवा टाका.” भाचा कर्जाचा हप्ताच मोडायला निघाला. जाण्याआधी माझ्याकडे आला. “मामा, काय करू?”

मी म्हटले, “बाबा रे, घटनेला कारण असते आणि ते माणसाच्या कृतीत किंवा निसर्गनियमात सापडते, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात समजावून सांगितले आहे. मग शिट्टीलाही कारण असणारच. चल, शोधू.”

शिट्टी येते कुठून?

इंजिन चालू असताना अल्टरनेटर वीज तयार करून बॅटरी चार्ज करतो. ही वीज अगदी सपाट नसते, तिच्यात बारीक लहरी राहतात. इंजिनाचा वेग वाढला की लहरींचा वेगही वाढतो. गाडीची लोखंडी बॉडी हीच मायनसची वायर असते. अ‍ॅम्प्लिफायरचे अर्थिंग बॉडीला नीट टेकले नाही, तर वीज परतीसाठी दुसरी वाट शोधते. गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या आरसीए वायरमधून ती जाऊ लागली, की लहरी गाण्यात मिसळतात आणि आपल्याला शिट्टी ऐकू येते.

घरच्या घरी तपासणी

१. आधी नीट ऐका. रेसबरोबर चढणारी शिट्टी बहुधा अल्टरनेटरची. पेट्रोल गाडीत रेसबरोबर वाढणारी ‘टिक-टिक’ स्पार्क प्लगची किंवा त्याच्या वायरची. डिझेल गाडीला स्पार्क प्लगच नसतो, म्हणून तिथे तो संशय नको.

२. मोबाइलचा चार्जर काढून पाहा. चार्जिंगला लावलेला मोबाइल वायरने स्टिरिओला जोडला, तर त्यातूनही आवाज येतो.

३. व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही आवाज तेवढाच राहिला, तर तो स्टिरिओच्या पुढे शिरतो. व्हॉल्यूमबरोबर वाढला, तर त्याच्या आधी.

४. सिस्टिम बंद करून अ‍ॅम्प्लिफायरमधल्या आरसीए वायर काढा आणि पुन्हा चालू करा. शिट्टी थांबली, तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे.

५. बॅटरीला मीटर लावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, चालू असताना १३.८ ते १४.४. त्याहून कमी दाखवत असेल आणि बॅटरीही उतरत असेल, तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असू शकतो. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्या.

दुरुस्ती

भाच्याच्या जीपमध्ये आरसीए वायर काढताच शिट्टी थांबली. मग अर्थिंग पाहिले. सीटखाली रंगावरच स्क्रू आवळला होता आणि खाली गंज धरला होता. पॉलिश पेपरने रंग आणि गंज घासून चकचकीत पत्रा काढला. प्लसच्या वायरइतकीच जाड, पण आखूड वायर बोल्टने घट्ट आवळली आणि पुन्हा गंजू नये म्हणून वरून ग्रीस लावले. शिट्टी गेली!

एवढ्याने आवाज गेला नाही, तर वायरचा मार्ग बघा. प्लसची जाड वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यावी. ओलांडायचीच झाली, तर काटकोनात. फिल्टर विकत घेण्याचा विचार सर्वांत शेवटी.

जपून!

काम करताना बॅटरीची मायनस वायर आधी काढा आणि शेवटी लावा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका, अल्टरनेटर जळू शकतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लस वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. नसेल, तर वायर घासून आग लागायला वेळ लागत नाही.

तपासणी करताना घरातल्या मुलामुलींना शेजारी उभे करा. कारण कसे शोधायचे, हे त्यांना डोळ्यांनी बघू द्या.

भाच्याचा खर्च झाला तो एका पॉलिश पेपरचा आणि एका बोल्टचा. त्या महिन्याचा हप्ता वेळेवर भरला गेला.

जयभीम!